शर्यत आठवडाभर पुढे ढकलावी, ही विनंती

ईशानने शाळेत सांगितलं आहे की त्याची आजी मोटारींच्या शर्यतीत होती. बाईंनी त्याला आजीचा हेल्मेट घातलेला फोटो आणायला सांगितलाय, असं रेवाने परवा फोनवर कळवलं. ही माहिती दुरुस्त करणं आवश्यक आहे. मला सायकलसुद्धा येत नाही.

म्हणून हे लिहिते आहे. बेल्जियममधल्या माझ्या या दोन नातवंडांसाठी, ईशान आणि रेवासाठी आहे, पण सोसायटीच्या दिवाळी अंकात छापून आलं तरी हरकत नाही. मी इतकी वर्षं डोंबिवलीहून ठाण्याला नक्की कशाला जात होते, हे इथेही कुणाला नीट ठाऊक नाही. समोरच्या वैद्य वहिनी अजूनही मला बँकेतली समजतात.

वागळे इस्टेटमध्ये एक कंपनी होती. तिथे एक अख्खा मजला भरून माणसं दुसऱ्यांच्या तक्रारींना उत्तरं देत असत. कुणी फ्रिजच्या, कुणी विम्याच्या. माझ्या टेबलावर एका क्रीडा वाहिनीच्या प्रेक्षकांची पत्रं येत आणि त्यातलीही फक्त मोटारींच्या शर्यतींची. माझं इंग्रजी आणि मराठी दोन्ही चोख होतं आणि शर्यतींतलं मला काही कळत नव्हतं. ही दुसरी गोष्टच माझी खरी पात्रता ठरली. माझ्याआधी त्या टेबलावर शर्यतींचा एक शौकीन बसत असे. तो प्रेक्षकांशी वाद घालायचा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या शर्यती वर्षातले आठ-नऊ महिने चालतात. दर एक-दोन आठवड्यांनी, दर वेळी निराळ्या देशात, साधारण रविवारी. वर्षाअखेरी ज्याचे गुण सर्वांत जास्त, तो जगज्जेता. यात समजायला अवघड काही नाही. अवघड हे की दर वर्षी नियम बदलतात आणि वेळापत्रकही बदलतं. आणि काहीही बदललं की माणसं पत्र लिहितात.

मी कॉम्प्युटरवर नोंद करत असेच, शिवाय एक रेघांचं रजिस्टर ठेवलं होतं. एका रकान्यात कोणता नियम, दुसऱ्यात पहिली तक्रार, तिसऱ्यात नंतरची तक्रार. हा तिसरा रकाना मी स्वतःहून घातला होता आणि सगळी गंमत त्यातच होती.

एका वर्षी चालकाच्या डोक्याभोवती संरक्षणासाठी धातूचं कडं बसवायचं ठरलं. त्या महिन्यात मला जेवायला फुरसत नव्हती. ठाण्याच्या एका डॉक्टरांनी दोन पानं लिहिली. शेवटची ओळ अशी : "ही शर्यतीची गाडी आहे की बाळाचा पांगुळगाडा?" पुढे एका भयंकर अपघातात त्याच कड्यामुळे एक चालक वाचला. चौथ्या दिवशी डॉक्टरांचं दुसरं पत्र आलं : "माझे आधीचे पत्र मी मागे घेत आहे. ते फाइलमधून काढून टाकावे." मी उत्तर दिलं की फाइलमधून पत्र काढता येत नाही, पण त्यावर 'मागे घेतले' असा शेरा मारला आहे. त्यांनी आभार मानले. तिसऱ्या रकान्यातली ही माझी सर्वांत आवडती नोंद.

इंजिनं बदलली आणि गाड्यांचा आवाज कमी झाला, तेव्हा कल्याणच्या एका गृहस्थांनी लिहिलं की पूर्वी शर्यत लागली की खालच्या मजल्यावरचे वर येऊन भांडायचे, आता कोणी येत नाही, तर याला शर्यत म्हणायचं का?

काही ठिकाणी शनिवारीही एक छोटी शर्यत घ्यायची पद्धत सुरू झाली. त्यावर डोंबिवलीच्या एका बाईंचं पत्र आलं. त्या स्वतः शर्यती बघत नव्हत्या, त्यांचे यजमान बघायचे. "रविवार मी केव्हाच सोडला आहे. शनिवारचं मला कुणी विचारलं का?" मी त्यांना त्या वर्षीच्या अशा शनिवारांची यादी पाठवली. पुढच्या वर्षी त्यांचं पत्र पुन्हा आलं. या वेळी तक्रार अशी की यंदा तारखा का बदलल्या, त्यांनी गेल्या वर्षीच्या यादीवरून माहेरी जायचं ठरवून टाकलं होतं.

सात-आठ वर्षांचं रजिस्टर चाळल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नियम आला की खेळ संपला, अशी पत्रं येतात. पुढच्या वर्षी काहीच येत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तोच नियम काढला की खेळ संपला, अशी पत्रं येतात. पुष्कळदा त्याच लोकांची. मी हे आमच्या टीम लीडर अंकिताला दाखवलं. ती माझ्या निम्म्या वयाची, हुशार मुलगी.

"काकू, हे भारी आहे. मी प्रेझेंटेशनमध्ये टाकू?"

"टाक. पण निष्कर्ष काय लिहिशील?"

तिने जरा विचार केला. "लोकांना राग येतो."

"लिही."

आता आमच्या कामातली शरमेची बाजू. आम्ही काहीच बदलू शकत नव्हतो. ना नियम, ना तारखा. प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य घालायचं असे : 'आपल्या भावना संबंधितांपर्यंत पोहोचवल्या आहेत.' हे वाक्य मी काही हजार वेळा लिहिलं असेल. संबंधित म्हणजे कोण, हे मी एकदा अंकिताला विचारलं. ती म्हणाली, एक फोल्डर आहे. तो कोण उघडतं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "काकू, चहा घेऊ या."

शहाडचे सोनावणे यांनी मात्र ते वाक्य पहिल्या पत्रापासून खरं मानलं होतं.

ते पालिकेच्या पाणीखात्यात फिटर होते. हाताने फुलस्केपवर लिहायचे, मुद्द्यांना आकडे घालून, आणि त्यांची मुलगी प्रज्ञा त्या कागदाचा फोटो काढून मेल करायची. नऊ वर्षांत त्यांचं एकही पत्र मी कंटाळून वाचलं नाही. एकदा एक शर्यत अपघातानंतर सेफ्टी कारच्या मागे रांगेतच संपली. सेफ्टी कार म्हणजे अपघात झाल्यावर सगळ्यांच्या पुढे सावकाश चालणारी गाडी, तिच्यामागे असताना कुणी कुणाला मागे टाकायचं नसतं. तेव्हा लोकांनी मला वाटेल ते लिहिलं. सोनावण्यांनी लिहिलं : "मुद्दा १. लाइन फुटली की आम्ही व्हॉल्व्ह बंद करतो, दुरुस्ती करतो, मग पाणी सोडतो. चालू लाइनवर चिंधी बांधत नाही. मुद्दा २. शर्यतही तशीच पूर्ण थांबवावी आणि मग पुन्हा सोडावी." पुढे आयोजक पुष्कळदा तसं करायला लागले. सोनावण्यांची समजूत अशी की हे त्यांच्या पत्रामुळे झालं. मी ती दुरुस्त केली नाही. दुरुस्त न केलेल्या माझ्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक.

त्यांच्या घरची एक पद्धत त्यांनी मला कधीतरी कळवली होती. प्रज्ञा नऊ वर्षांची असल्यापासून बापलेक प्रत्येक शर्यत एकत्र बघत. दोघांचा चालकही एकच ठरलेला, त्याला ते 'आपला' म्हणत. हंगामाला एक वही. सोनावणे आकडे सांगत आणि प्रज्ञा लिही, कुठल्या फेरीत कोण पुढे, कुणी टायर केव्हा बदलले. हंगामातली शेवटची शर्यत संपली की वहीच्या शेवटच्या पानावर दोघांच्या सह्या होत आणि वही कपाटात जाई. अशा सतरा वह्या झाल्या होत्या.

अठराव्या वहीच्या वर्षी त्यांचं हे पत्र आलं :

"मुद्दा १. चि. प्रज्ञाचे लग्न ठरले आहे. तारीख सोबत. मुद्दा २. तारीख ठरवताना आपले वेळापत्रक समोर ठेवले होते. शेवटची शर्यत आदल्या रविवारी होती. मुद्दा ३. आता आपण सप्टेंबरमधली युरोपातली शर्यत उचलून नोव्हेंबरच्या शेवटी टाकली आहे. ती बरोबर लग्नाच्या संध्याकाळी येते. मुद्दा ४. आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात मुहूर्त नसतो. पण कल्याणचा हॉल वर्षभर आधी घेतला आहे आणि हॉलची तारीख मुहूर्ताहून कडक असते. मुद्दा ५. लग्नानंतर आठ दिवसांनी मुलगी कॅनडाला जाणार. वही उघडी ठेवून ती गेली तर बरे दिसणार नाही. मुद्दा ६. शर्यत आठवडाभर पुढे ढकलावी, ही विनंती. जमत नसल्यास तसे कळवावे."

शर्यत का हलवली होती, तर तिथल्या ट्रॅकचं काम वेळेत पुरं झालं नव्हतं. सोनावण्यांना हे कारण पटण्यासारखं होतं. पाणीखात्यात उभा जन्म गेला होता त्यांचा.

मी ठरलेलं वाक्य टाइप केलं आणि खोडलं. मग रजिस्टर काढलं. ही शर्यत दर वर्षी तिथल्या दुपारी तीनला सुरू होत असे आणि आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला दिसे. नव्या वेळापत्रकातही दुपारी तीनच होते. मी एका कागदावर रेघ मारून पूर्ण संध्याकाळ आखली आणि त्यांना पाठवली. विवाहविधी पाच वाजता. शर्यत साडेसहा ते सव्वाआठ. स्वागत समारंभ साडेआठला. पत्रिका छापायच्या राहिल्या असतील तर हे जमेल.

आठवड्याभरात पत्रिकाच आली. 'विवाह सायं. ५ वा. स्वागत समारंभ रात्रौ ८.३० वा.' सोबत चिठ्ठी : "मुलाकडचे विचारतात, मध्ये साडेतीन तास काय? मी बोललो, फोटो."

इथे माझी चूक सांगितली पाहिजे. ऑक्टोबरच्या शेवटी युरोपातली घड्याळं तासभर मागे घेतात. सप्टेंबरातले दुपारचे तीन म्हणजे आपले साडेसहा आणि नोव्हेंबरातले तीन म्हणजे आपले साडेसात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ईशान, रेवा, तुमचा रविवारचा फोन हिवाळ्यात तासभर उशिरा येतो आणि माझ्या स्वयंपाकघरात फोनच्या वर मीच चिठ्ठी चिकटवली आहे : 'हिवाळ्यात साडेपाच.' पण ती चिठ्ठी घरात होती आणि रजिस्टर ऑफिसात होतं. घरातलं ऑफिसात आणायचं नाही, अशी माझी शिस्त होती.

लग्नाच्या आधीच्या गुरुवारी वाहिनीच्या यादीवरून आठवड्याच्या वेळांचा तक्ता करायला बसले, तेव्हा साडेसात हा आकडा माझ्या हाताने लिहिला गेला. मी पेन खाली ठेवलं. प्रेक्षकांना फोन करायचा नाही, असा आमचा नियम होता. मी अंकिताला सांगून तो मोडला.

"सोनावणे, मी ठाण्याहून बोलतेय. शर्यत साडेसातला आहे. साडेसहाला नाही. घड्याळाचा हिशेब मी चुकवला."

पलीकडे त्यांनी कुणाला तरी कुकर बंद करायला सांगितलं.

"म्हणजे साडेआठला ती स्टेजवर आणि शर्यत अर्ध्यात."

"हो. चूक माझी आहे."

"मॅडम, नऊ वर्षांत तुमची ही दुसरी चूक."

"पहिली कुठली?"

"टायरवरच्या पट्टीचा रंग. पिवळा लिहिलेला तुम्ही, पांढरा होता. मी बोललो नव्हतो." मग म्हणाले, "पत्रिका सगळ्या वाटून झाल्या. आता असं करा, तुम्ही या. लग्नालाच या. तिकडे बघू."

मी पाच वाजता हॉलवर हजर होते. वंदना झाली, पंचशील झालं, हार घातले. पांढऱ्या साडीत प्रज्ञा फार शांत दिसत होती. तिने माझी ओळख करून घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "काकू, तिकडे पाऊस आहे का?" तिकडे म्हणजे ट्रॅकवर. मी पाहून आले होते. नव्हता.

साडेसातला वधूच्या खोलीत बापलेक लॅपटॉपसमोर बसले. वही उशीवर. सोनावणे आकडे सांगत होते आणि मेंदीच्या हाताने ती लिहीत होती. मी दाराशी उभी राहिले. चूक माझी होती, तेव्हा दारही माझंच.

साडेआठला स्टेजसमोर रांग लागली. मुलाची आत्या तीन वेळा आली.

"अहो ताई, नवरी कुठाय?"

"साडी बदलतेय."

"अजून? किती साड्या नेसतेय ती?"

"एकच. पण निऱ्या बसत नाहीत."

तिसऱ्या वेळी आत्या माझ्या खांद्यावरून आत डोकावल्या. "आत गाड्यांचा आवाज कसला येतोय?"

"पार्किंग मागेच आहे," मी म्हणाले. माझ्या नोकरीत मी कधी धडधडीत खोटं लिहिलं नव्हतं.

मग सोनावण्यांची बायको आली, मंगल. तिने मला बाजूला केलं नाही, नुसती पुढे आली आणि मी बाजूला झाले.

"अहो! मुलीचे बाप आहात की पंच? माणसं ताटकळलीत बाहेर. निखिल एकटा उभा आहे स्टेजवर, शाळेत शिक्षा केल्यासारखा."

"वीस फेऱ्या राहिल्या, मंगल."

"मग मी उभी राहू का त्याच्या शेजारी?"

प्रज्ञा उठली. वही बंद केली नाही, फक्त पेन त्यात ठेवलं. आणि नेमका त्याच वेळी पडद्यावर एक गाडी भिंतीवर आदळली. चालक बाहेर आला, हात हलवला. सेफ्टी कार आली नाही. लाल बावटा लागला. शर्यत पूर्ण थांबली, सगळ्या गाड्या एका जागी उभ्या.

सोनावणे पडद्याकडे बघत राहिले. "व्हॉल्व्ह बंद," ते म्हणाले.

"पप्पा, तुम्हीच सांगितलेलं त्यांना," प्रज्ञा म्हणाली आणि पदर सावरत स्टेजकडे पळाली.

भिंत दुरुस्त व्हायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्यात रांग संपेल असा माझा अंदाज होता, पण रांग वाढली. लोक जेवून परत रांगेत येत होते. शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा प्रज्ञा स्टेजवर कुणाच्या तरी आजीला वाकून नमस्कार करत होती आणि सोनावणे खोलीत एकटे होते. पेन हातात, वही समोर. शर्यत चालू असताना लिहायचं काम त्यांनी कधी केलेलंच नव्हतं. आकडा बघून तो मोठ्याने सांगायचा आणि मग लिहायला कोणी नाही, असं दोन फेऱ्या चाललं.

मी उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा घेतला. कोऱ्या बाजूवर त्यांनी सांगितलेलं लिहिलं आणि स्टेजकडे निघाले. रांगेच्या बाजूने, हातात चिठ्ठी धरून. फोटोग्राफरला वाटलं आहेर आहे. प्रज्ञाने फुलांच्या गुच्छामागे चिठ्ठी वाचली आणि ओठ न हलवता म्हणाली, "पुढच्याचे टायर जुने आहेत का?"

मी परत गेले. विचारलं. "नवे आहेत म्हणावं, पण घाई करतोय." परत आले. सांगितलं. अशा माझ्या सात फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला निखिल बाजूने कुजबुजला, "काकू, मला पण दाखवा ना. मला सकाळीच सांगितलंय तिने सगळं." पाचव्या फेरीला माझा गुडघा दुखायला लागला. आणि सहाव्याला माझ्या लक्षात आलं की 'आपल्या भावना संबंधितांपर्यंत पोहोचवल्या आहेत' हे मी पहिल्यांदाच खरोखर करते आहे.

सातव्या चिठ्ठीवर एवढंच होतं : 'संपली. आपला दुसरा आला.' प्रज्ञाने ती वाचली, पुढच्या पाहुण्याला हसून नमस्कार केला आणि मग डोळे पुसले. पाहुण्याला वाटलं, माहेर सुटतंय म्हणून. तेही चूक नव्हतं.

मागोमाग सोनावणे वही घेऊन स्टेजवर चढले. रांग थांबली. शेवटच्या पानावर आधी त्यांनी सही केली, मग तिने. फोटोग्राफरला वाटलं लग्नाचं रजिस्टर आहे. "सर, थोडं इकडे. वही वर धरा." त्यांनी वही वर धरली. निखिललाही त्याने सही करायला लावली. मग सोनावण्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, एक राहिलं." त्यांनी त्या दिवसाचं पान उघडलं. वर त्यांच्या अक्षरात, शाईने, लग्नाच्या कितीतरी आधी लिहून ठेवलेलं : 'सुरू : सायं. ६.३०'. त्यावर आडवी रेघ आणि बाजूला ७.३०. "खाडाखोड आहे. सही लागेल."

सरकारी खात्यातला माणूस. मलाही ते पटलं. दुरुस्तीशेजारी दुरुस्ती करणाऱ्याची सही हवीच. मी पर्समधलं माझं पेन काढलं आणि खोडलेल्या आकड्याशेजारी आद्याक्षरं घातली.

त्याच वेळी फोटोग्राफरने बटण दाबलं. तो फोटो सोनावण्यांनी मला नंतर पाठवला. ईशान, तुझ्या बाईंसाठी तोच पाठवते आहे. मागे नवरा-नवरी आहेत, बाजूला गुच्छ हातात घेऊन अडकलेले पाहुणे आहेत आणि मध्ये मी वहीवर वाकले आहे. हेल्मेट नाही. बाईंना सांग, शर्यतीत आजीचं काम हेच होतं.